स्वस्तातली फ्रेंच रेड वाइन तुरट का लागली?

प्रश्न : भाच्यानं फ्रान्सहून कोत द्यु रोन या रेड वाइनची बाटली आणली, तिकडं स्वस्तच मिळते म्हणे. आल्या आल्या उघडली तर नुसती तुरट, घशाला जळजळ. खराब निघाली का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही हो दादा, बहुतेक गरम प्यायलात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच 35-40 डिग्री असतं आणि ही वाइन 16च्या आसपास खुलते, म्हणून तेवढी थंड होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. तुरटपणा येतो द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिन या तुरट घटकामुळे, कोरा चहा जास्त उकळला की जीभ कशी कोरडी पडते, अगदी तसाच, तो दोष नव्हे. ग्लास एक तृतीयांशच भरा, हळू फिरवा, आणि आधी नाक घाला बरं का, घाई नको. हा मुख्यतः ग्रनाश, सिरा, मूर्वेद्र या द्राक्षांचा ब्लेंड, म्हणजे मिश्रण, ग्रनाशमुळे पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखा वास येतो आणि मागून सिराची काळी मिरी, ती सापडली ना की मला अजून आनंद होतो! सोबत लसणाची तिखट शेव अजिबात नको, तिखटानं जळजळ वाढते. कमी तिखटाचं मटण करा, चरबीनं टॅनिन मऊ लागतं. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.