एप्रिलची छाटणी

बाप्तिस्मा होऊन दोन महिने झाले तरी राग सुटत नाही, म्हणून तू हिरमुसलास. अरे, तू पिंपळगावचा, द्राक्षांच्या गावचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल पार मागे छाटणं, केली की बागेत नुसत्या काड्या दिसतात. घड येतात ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. पण त्यांची तयारी आधीच, त्या उन्हाळी काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, झालेली असते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात, प्रभूने द्राक्षवेलीचाच दाखला दिलाय. आपल्या नाशिककरांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फळ देणारा फाटाही छाटला जातो, हे मात्र आपण वाचताना पटकन ओलांडतो.

माझंच सांगतो. रविवारी उपासनेत माझा आवाज सगळ्यांत मोठा. सोमवारी बागेत मजुरांवरही तोच. बायको म्हणाली, "देवाला ऐकू येतं हो, दोन्ही दिवशी." त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळी एका मजुराच्या घरी जाऊन माफी मागितली. तो इतका अवघडला की चहा उकळून चुलीवर सांडला!

गलतीकरांस पत्रात, ५व्या अध्यायात, आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्म्याने माणसात येणारे गुण, सांगितलंय. त्यातले नऊच्या नऊ गुण एकदम धरू नकोस. सध्या सहनशीलता घे. रोज पहाटे चार ओळी वाच, प्रार्थना कर, आणि ज्याच्यावर ओरडलास त्याच्याकडे त्याच दिवशी जा. फरक पडला का, हे पाळकांना विचारू नकोस, ते कौतुकच करतील. आईला विचार.