होडीसाठी घडीचा (पाती मिटणारा) नांगर घेऊ की साधा?

भाऊ, आधी तळ बघ, मग नांगर घे. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे मागं साचलेल्या पाण्यात, तापी-पूर्णेचा गाळ साचलाय. तिथं चार पात्यांचा घडीचा नांगर नकोच; पाती अरुंद, वारा सुटला की होडीमागे ओढत येतो. साधा, आडव्या दांड्याचा जुना नांगर जरा बरा रुततो, पण मऊ गाळात त्याचीही पकड कमीच. तिथं रुंद, चपट्या पात्यांचाच लागतो.

नर्मदेच्या फुगवट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडं, पाण्याखाली खडक न् झाडांची खोडं. तिथं घडीचा छान अडकतो, लहान होडीत जागाही खात नाही. फक्त टाकण्याआधी दांड्यावरचं कडं सरकवून पाती घट्ट बसली का, हाताने हलवून बघ. अडकूनच बसला तर उलटा ओढून निघायला हवा, म्हणून पात्यांकडच्या टोकाला वेगळी बारीक दोरी बांध, दुसऱ्या टोकाला तरंगायला रिकामी बाटली.

आणि दोरीत कंजुषी करू नको, खरी चूक लोक इथंच करतात. 5 मीटर पाण्याला किमान 25 मीटर दोरी, वाऱ्यात 35. नांगराजवळ 2-3 मीटर साखळी हवीच; तिच्या वजनाने ओढ आडवी राहते. नांगर भिरकावू नको, हळूहळू सोड.