घोड्याविना खोगीर : ‘सॅडल हंटिंग’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी पाठवलेला प्रश्न असा आहे. त्यांचे शेजारी दर ऑक्टोबरात ‘सॅडल हंटिंग’ला जातात, हे त्यांनी पुण्यातील आईला फोनवर ‘घोड्यावर बसून शिकारीला जातात’ असे सांगितले. पुढे शेजाऱ्यांकडे घोडा नाही, तबेला नाही, आणि गृहस्थ दिवसभर झाडाला लटकून असतात असे कळल्यावर त्यांची चांगलीच पंचाईत झाली. तेव्हा या शब्दातील ‘सॅडल’ म्हणजे नेमके काय, आणि कुठेतरी त्यांच्या वाचनात आलेला ‘खोगीर-शिकार’ हा पर्याय चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

चालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पहिली अडचण व्याकरणाची आहे. मराठीत ‘शिकार’ या शब्दाच्या आधी थेट नाम जोडले की ते नाम बहुधा सावजाचे असते. ‘डुक्करशिकार’ म्हणजे डुकराची शिकार; त्याच न्यायाने ‘खोगीर-शिकार’ म्हणजे कोणीतरी रानात जाऊन खोगिरे मारून आणतो असा अर्थ होईल. इंग्रजीला ही अडचण येत नाही, कारण तिथे शिकारीच्या शब्दाआधी सावज, हत्यार किंवा बसण्याची जागा यांपैकी काहीही येऊ शकते आणि ऐकणारा ते प्रसंगावरून ओळखतो. आपण मात्र साधन किंवा जागा सांगायची झाली की विभक्तीचा किंवा शब्दयोगी अव्ययाचा आधार घेतो : बंदुकीने केलेली शिकार, मचाणावरून केलेली शिकार.

दुसरी अडचण वस्तूचीच आहे, आणि ती समजून घेण्यासाठी शेजारी झाडावर काय करतात ते जवळून पाहावे लागेल. कंबरेखाली नितंबांना आधार देणारा, मजबूत कापडाचा किंवा जाळीचा एक रुंद पट्टा ते बांधतात. हेच ते ‘सॅडल’. त्याच्या दोन्ही बाजूंना, कंबरेपाशी, एकेक फासा शिवलेला असतो आणि त्या दोन फाशांना जोडणारा एक आखूड दोर पोटासमोर सैल राहतो. त्याला ‘ब्रिज’ म्हणतात. झाडावर 15-20 फूट चढून गेल्यावर ‘टेथर’ नावाचा एक वेगळा दोर खोडाभोवती डोक्याच्या उंचीवर आवळायचा, त्या दोरावर एक सरकती गाठ मारायची, गाठीतल्या कॅराबिनरमध्ये, म्हणजे झडप असलेल्या धातूच्या कड्यात, ‘ब्रिज’ अडकवायचा, कड्याचे झडप ‘खट्’ असे मिटल्याची खात्री करायची आणि मग हळूहळू अंगाचा भार मागे सोडायचा. दोर ताठ होतो, गाठ दोरावर घट्ट बसते आणि माणूस खोडाकडे तोंड करून, पाय एका लहानशा फळीवर टेकवून, अर्धवट बसल्यासारखा आणि अर्धवट रेलल्यासारखा राहतो. हरीण समोरून आले तर खोडाआड राहायचे, डावीकडून आले तर नुसते वळायचे आणि उजवीकडून आले तर पायाने रेटा देऊन खोडाभोवती झुलत जायचे. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याला डावीकडचा नेम सोपा पडतो, एवढेच त्यातले इंगित आहे. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरीण मारण्याचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणून शेजाऱ्यांचाही मुहूर्त तोच.

मग याला ‘सॅडल’ का म्हणायचे? घोड्याचा संबंध येथे शब्दापुरताही सरळ नाही. झाडांच्या फांद्या छाटण्याचा धंदा करणारे अमेरिकन कामगार झाडावर लटकून काम करताना जो पट्टा वापरतात, त्याला ते ‘सॅडल’ म्हणत आले आहेत. त्याच पट्ट्याला ब्रिटनमधील त्यांचे सहव्यवसायी ‘हार्नेस’ म्हणतात. म्हणजे शिकाऱ्यांनी हा शब्द घोडेस्वाराकडून घेतलेला नाही, झाडकाप्याकडून घेतला आहे. मुळात ‘सॅडल’ या शब्दाचे मूळ ‘बसणे’ या अर्थाच्या धातूशी, म्हणजे संस्कृतातील ‘सद्’ या धातूच्या कुळाशी लावले जाते. गंमत अशी की रामायणामुळे आपल्याला परिचित असलेला, क्रौंचाला बाण मारणारा जो ‘निषाद’, त्याच्या नावाची परंपरागत व्युत्पत्तीही ‘नि’ अधिक ‘सद्’ अशीच सांगतात. यावरून काही सिद्ध होत नाही, पण टपून बसणाऱ्याला बसण्याच्याच धातूवरून नाव मिळावे हे मला आवडले, म्हणून नोंदवले.

खोगिराचे मूळ वेगळेच आहे. तो शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘घाम टिपणारे’ असा आहे. घोड्याच्या पाठीवर जी जाड गादी घालतात ती. त्या गादीत काहीबाही कोंबण्यावरून ‘खोगीरभरती’ आली. ‘जीन’ हाही फारसीच. संस्कृत ‘पर्याण’वरून आलेला ‘पलाण’ हा शब्द आणि ‘घोडा पलाणणे’ हे क्रियापद आता बखरींपुरते उरले आहे. या तिन्ही शब्दांना खाली जनावराची पाठ लागतेच. ज्याच्याखाली 15 फूट हवा आहे त्याला यांतला एकही शब्द लागू पडत नाही.

येथे थोडे विषयाच्या मुळाशी जाणे भाग आहे, कारण हा छंद वाढला तो ज्या पद्धतीने, तीच पद्धत त्याच्या शब्दसंग्रहातही उमटली आहे. लटकत्या पट्ट्यातून शिकार करणे नवे नाही. मिशिगनचेच जॉन एबरहार्ट हे धनुर्धारी शिकारी 1980च्या दशकाच्या आरंभापासून असे शिकार करत आले आहेत आणि लेखनातून त्याचा पुरस्कारही करत आले आहेत. ट्रॉफीलाइन नावाने असा पट्टा बाजारातही आला होता. तरीही बराच काळ ही गोष्ट मूठभरांचीच राहिली, आणि बाकीचे सारे खोडाला साखळीने बांधायची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बैठक पाठीवर वाहत राहिले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटले ते प्रथम हौशी माणसांमुळे, कारखानदार मागाहून आले. सार्वजनिक जंगलात शिकार करणाऱ्याला कित्येक ठिकाणी बैठक झाडावर कायमची ठेवता येत नाही आणि झाडात खिळे ठोकता येत नाहीत. सगळे सामान रोज नेऊन रोज आणायचे, तर पाच-सात किलोंच्या बैठकीपेक्षा किलोभराचा पट्टा कोणालाही परवडतो. पण हवा तसा पट्टा दुकानात मिळेना. मग कोणी गिर्यारोहकाचा पट्टा उसवून शिवला, कोणी घरच्या शिलाई यंत्रावर पट्ट्यांवर पट्टे चढवले, कोणी चढायच्या शिडीचे तुकडे करवतीने कापून हलके केले, आणि प्रत्येकाने आपली मोजमापे, आपल्या गाठी व आपल्या चुका दूर गावच्या अनोळखी सोबत्यांना इंटरनेटवरून मोकळेपणाने सांगितल्या. दुसऱ्याने त्यात सुधारणा करून त्या परत केल्या. याच मंडळींतून पुढे लहान उत्पादक निघाले. 2018मध्ये बाजारात उतरलेल्या ‘टेथर्ड’ या कंपनीचे नावच ‘दोराने बांधलेला’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दातून दोन स्वराक्षरे गाळून केलेले आहे.

कोणी एका कंपनीने परिभाषा ठरवून दिली असती तर ती बहुधा एकसुरी आणि दिखाऊ झाली असती. येथे जो ज्या धंद्यातून किंवा छंदातून आला तो आपले शब्द घेऊन आला. चढताना खोडाभोवती टाकायचा दोर विजेच्या खांबावर चढणाऱ्यांचा, म्हणून त्याला ‘लाइनमन्स बेल्ट’ म्हणतात. ‘ब्रिज’ झाडकाप्यांचा. सरकती गाठ ‘प्रुसिक’, कारण 1931 साली ती गिर्यारोहकांपुढे मांडणाऱ्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाचे नाव कार्ल प्रुसिक होते. शिडीच्या सर्वांत खालच्या तुकड्याला लोंबकळणारी, पाय घालून आणखी उंच जाण्यासाठीची पट्ट्याची कडी म्हणजे ‘एडर’. तीही कडे चढणाऱ्यांकडून आलेली, आणि त्यांच्यात तिचे दुसरे नाव ‘एत्रिए’ असे आहे. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ चक्क ‘रिकीब’ असा आहे. घोडा नसलेल्या खोगिराला रिकीब मात्र आहे!

त्यानंतर हौशींनी स्वतःची भर घातली. दिवसभर लटकल्यावर पट्टा कंबरेच्या हाडांवर दाबतो, त्याला ते ‘हिप पिंच’ म्हणतात, आणि त्यावर त्यांच्यात किती खल झाला असेल याला सुमार नाही. जो अंगाचा भार पायांवर ठेवून मागे झुकतो तो ‘लीनर’, जो गुडघे खोडाला टेकवून खाली बसतो तो ‘सिटर’. शिडीच्या एकाच तुकड्यावर चढायचे, दोराला लटकायचे, तुकडा सोडवून वर बांधायचा आणि पुन्हा चढायचे, व उतरताना दोरावरून सरळ खाली यायचे, या प्रकाराला ‘वन-स्टिकिंग’ असे नाव पडले.

आता मराठीकडे येतो. माझे मत असे आहे की या शब्दांचे कोशातून भाषांतर करू नये; त्या लोकांनी जे केले तेच आपण करावे, म्हणजे आपल्याकडे दोराशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांच्याकडे जावे. ‘टेथर’ला शासकीय धाटणीचा ‘बंधरज्जू’ घडवण्याचे कारण नाही, कारण इंग्रजीतही तो मुळात जनावर बांधायचा दोर आहे आणि आपल्याकडे त्याला ‘दावे’ हा नेमका, दोन अक्षरी शब्द गोठ्यात तयार आहे. ‘लाइनमन्स बेल्ट’ म्हणजे वायरमनचा पट्टा. ‘प्रुसिक’ आणि ‘कॅराबिनर’ सह्याद्रीत सुळके चढणाऱ्यांनी केव्हाच मराठी करून टाकले आहेत, ते तसेच राहू द्यावेत. ‘हिप पिंच’ तर आपल्याकडे नुसत्या क्रियापदाने भागतो : पट्टा काचतो. ओझे वाहणाऱ्याच्या खांद्याला दोरी काचते तसाच. आणि ‘लीनर’ म्हणजे रेलणारा.

उरला तो मुख्य शब्द. येथे मला ‘झोळी’ सर्वांत जवळची वाटते. बाळाला झोळीत निजवतात, रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणतात. दोन टोकांना दोर, मध्ये कापड आणि कापडात माणसाचा भार, हे रूप तंतोतंत जुळते. आक्षेप घेता येईल तो असा, की झोळीतला माणूस परस्वाधीन असतो आणि हा तर धनुष्य ताणून बसलेला आहे. शिवाय भिक्षेची झोळी डोळ्यांपुढे येते. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून वस्तूचे नाव सांगताना ‘सॅडल’ हाच शब्द ठेवावा, जसा गिर्यारोहकांनी ‘हार्नेस’ ठेवला, आणि क्रिया सांगताना ‘झोळीतून शिकार’ म्हणावे, म्हणजे ‘मचाणावरून शिकार’ या जुन्या प्रयोगाच्या शेजारी ते सहज बसेल. मचाण आणि झोळी यांतला फरकही त्यातून आपोआप कळतो : एक बांधून ठेवायची, दुसरी अंगावर घालून न्यायची. आपल्या शेतकऱ्याने पाखरे राखायला उभारलेला माळा पहिल्या जातीतला. ‘मचाण’ हा शब्द तर इंग्रजीने हिंदुस्थानातल्या शिकारकथांमधून उचलून आपल्या कोशात ठेवला आहे, तेव्हा देवाणघेवाण एकतर्फी नाही.

‘सॅडल हंटर’साठी एका मित्राने ‘झोळीपारधी’ असा शब्द सुचवला. घडण निर्दोष आहे, कारण साधनावरून शिकाऱ्याला नाव देण्याची आपली रीत ‘फासेपारधी’ या शब्दात आहेच, आणि ‘पारध’ हा संस्कृत ‘पापर्द्धि’वरून आलेला अस्सल जुना शब्द आहे. तरीही मी तो वापरणार नाही. पारधी ही महाराष्ट्रातली हाडामांसाची जमात आहे, ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने तिच्या कपाळी मारलेला शिक्का अजून पुरता पुसलेला नाही, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा तिच्यासाठी गुन्हा झालेला आहे. परदेशातल्या सुट्टीच्या छंदाला ते नाव लावणे शोभणारे नाही. ‘झोळीतून शिकार करणारा’ असे लांबलचक म्हटले तरी हरकत नाही.

तेव्हा पुढच्या फोनवर आईंना एवढेच सांगावे : शेजारचे गृहस्थ वायरमनसारखे झाडावर चढतात, खोडाला दावे बांधून झोळीत रेलतात आणि हरणाची वाट पाहतात. त्या घोड्याचे काय झाले असे नक्की विचारतील. तेव्हा रिकिबीची गोष्ट सांगावी.