बादलीच्या प्रसंगानंतर झोप उडालेली आई

"मूल जरा नजरेआड झालं की छातीत धस्स होतं, काय करू?" असं लहान मुलांच्या आया मला बरेचदा विचारतात. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दीड वर्षाचा मुलगा, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी म्हणून बाथरूममध्ये पिंप, टब, बादल्या सगळं भरलेलं. आई कुकर बंद करायला उठली तेवढ्यात पोरगं तरंगणारा मग घ्यायला वाकलं आणि डोकं खाली होऊन बादलीत गेलं. आजीने वेळेत ओढून काढलं, बाळ ठणठणीत. पण आईची झोपच उडाली, रात्री उठून उठून बाथरूमची कडी तपासायची आणि एकच घोकायची, "मॅडम, मला आवाज कसा नाही आला? एवढी कशी मी बेफिकीर?"

तिला आधी हेच सांगितलं की अगं, आवाज येतच नाही. नाकातोंडात पाणी गेलं की मूल ओरडू शकत नाही, या वयात डोकं अंगाच्या मानाने जड, हातात जोर नाही, त्यामुळे उलटं गेलं की आपलं आपण वर येता येत नाही, दोन इंच पाणीसुद्धा पुरतं. बुडण्याचा धोका १ ते ४ वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त असं डब्ल्यूएचओपण सांगते. ती खूप रडली, मी रडू दिलं.

मग सासूबाईंना आणि नवऱ्याला बोलावलं, कारण हे एकट्या आईच्या गळ्यात घालणं मला अजिबात पटत नाही. घरात तिघं आणि प्रत्येकाला वाटायचं दुसरा बघतोय. म्हणून ठरलं, उठताना "आई, बाळ तुमच्याकडे" म्हणायचं आणि समोरून "हो" आल्याशिवाय हलायचं नाही. पिंपाला घट्ट झाकण, बाथरूमला बाहेरून वर कडी, अंघोळ झाली की टब लगेच पालथा. बोलता बोलता गावी शेततळं आहे असं कळलं तेव्हा नवऱ्याला तिथेच धरलं, तळ्यात अंथरलेल्या त्या प्लास्टिकच्या कागदावरून मोठ्या माणसाचाही पाय सटकतो, कुंपण आणि गाठी मारलेला दोर हवाच. आणि बुडालेल्या मुलाला उलटं धरून पोट दाबत बसायचं नाही, श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छाती दाबणं, म्हणजे सीपीआर, दुसऱ्याने १०८ लावायचा, हे तिघांनीही प्रत्यक्ष शिकून घ्या म्हटलं.

आता रात्री एकदाच कडी बघून झोपते. पाणी येतं त्या दिवशी अजून धडधडतं म्हणाली, म्हणून त्या दिवशी नवरा कामावर उशिरा जातो, ती पाणी भरते आणि बाळ त्याच्याकडे.