टवका भरायचा की काच बदलायची?

प्रश्न: डंपरमागून जाताना खडी उडाली. पुढच्या काचेला डावीकडे शर्टाच्या बटणाएवढा टवका गेलाय. गॅरेजवाला काच बदला म्हणतो. बदलावीच लागेल का?

उत्तर: घाई नको. टवका रुपयाच्या नाण्याहून लहान, चालकाच्या नजरेसमोर नसलेला आणि कडेपासून चार बोटं आत असेल, तर रेझिन (टवक्यात भरून घट्ट होणारा पारदर्शक चिकट द्रव) भरून भागतं. पुसट डाग मात्र राहतोच. आतून नख फिरवा. खाच लागली तर आतला थरही गेला, मग काच बदलाच. रेझिन भरेपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, ओल-धूळ शिरली की रेझिन नीट धरत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडा सरकतो. आणि हो, काच बदलली तर फास्टॅगही नवा घ्यावा लागतो.