सागवानाला रंग नको, आणि चादर आधी धुवा

सासूबाईंच्या लग्नातल्या सहा सागवानी खुर्च्या, बैठकीचं रेक्झिन फाटलेलं, दोन डुगडुगतात. सगळ्यांना पांढरा ऑइलपेंट मारून वर सोलापुरी चादर लावायचीय, असं तुम्ही विचारलंय. चादरीचं झकास आहे. पांढऱ्या रंगाचं तेवढं थांबवा, ताई.

आधी मागच्या पायाला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. लाकूड चिकट लागलं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, जुनं पॉलिश. मग खरवडायची गरजच नाही. टर्पेंटाइनने मळ काढा, ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा आणि वरून पुन्हा चपडा लावा. नवा थर जुन्यात मिसळून जातो. एकदा ऑइलपेंट बसला की सागवानाच्या त्या रेषा परत दिसायच्या तर आठवडाभर घासत बसावं लागतं.

डुगडुगणाऱ्यांना खिळा ठोकू नका, लाकूड चिरतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, सांधे ढिले होतात. सांधा उघडून जुना सरस खरवडा, फेविकॉल लावा, चारी पायांभोवती सुती दोरी गुंडाळून तिच्यात काठी घालून पिळा आणि २४ तास तसंच राहू द्या. कोपरे काटकोनात आहेत ना, तेवढं पिळतानाच बघा.

आता चादर. घरात जुनी, वापरून मऊ झालेली असेल तर तीच उत्तम. नवी घ्यायची तर सोलापूरच्या चाटी गल्लीत जा, पण काठाचा एक दोरा मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळून बघा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. मे महिन्यात त्यावर बसून बघा म्हणजे कळेल! नवी चादर कापण्याआधी दोनदा धुवा. मी एकदा न धुताच उशीसारखी खोळ शिवली, दिवाळीला धुतली, आणि ती फोमवर परत चढेचना. लाल रंग उतरला तो वेगळाच.

१९ इंच चौकोनी बैठक आणि २ इंच फोम असेल तर २७ इंचांचा तुकडा धरा. ६० बाय ९० ची चादर असेल तर हिशेबाने सहा निघतात, पण मोर किंवा फूल प्रत्येक बैठकीच्या मधोमध यायचं असेल तर चारच, म्हणजे तुम्हाला दोन चादरी लागतील. उरलेल्यात लोड-तक्क्याचे अभ्रे होतात की ओ. कापल्या कापल्या कडांना ओव्हरलॉक (दोरे सुटू नयेत म्हणून कडेची शिलाई) करून घ्या, नाहीतर बैठकीच्या खालून स्टेपल मारेपर्यंत निम्मे दोरे हातात येतात.

स्टेपल मारताना एका बाजूने सुरुवात करून पुढे जाऊ नका. चारी बाजूंना मध्ये एकेक मारा, बैठक उलटून नक्षी सरळ आलीय का बघा, मग मधून कोपऱ्यांकडे सरका. कोपरे शेवटी. कोपऱ्यावर जाड कापडाची गाठ होते, ती आतून थोडी कापली तरी चालते. फार ताणू नका, नाहीतर मोराची मान वाकडी होते. माझ्या एका खुर्चीवर तो अजून पाहुण्यांकडे तिरका बघतोय.

चादरीच्या दोन्ही बाजूंना तीच नक्षी असते, रंग तेवढे उलटे. म्हणून कापड चिकटवू नका. पुढे वरची बाजू विटली की स्टेपल उचकटायचे आणि तुकडा पालथा लावायचा.

पांढऱ्या रंगाची हौस असेलच तर घरातल्या एखाद्या प्लायच्या टेबलावर भागवा: वुड प्रायमर, २२० चा पेपर, मग दोन पातळ हात. मे महिन्याच्या दुपारी अंगणात मात्र नको. वरचा थर लगेच सुकतो, आतला ओलाच राहतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात, शिवाय वावटळीची धूळ. एकतर सकाळी ९ च्या आत खोलीत उरका, नाहीतर सरळ जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत करा.