वाचक विचारतात : लेबलं एकमेकांवर चढतात, काय करू?

प्रश्न : मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते, शाळेत भूगोल शिकवते. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांच्या लोकसंख्येचा पाय चार्ट केला एक्सेलमध्ये, २०११ च्या जनगणनेचे आकडे घेतले, पण लेबलं एकमेकांवर चढून बसतात आणि नागपूरचा आकडा ४,६५३,५७० असा येतो, पोरं वाचतच नाहीत जी. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा केला तर जिल्ह्यांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. काय करू?

उत्तर : ताई, लेबलांचा दोष नाही, पाय चार्टच इथे नको. गोंदिया, वर्धा, भंडारा, वाशीम, गडचिरोली हे पाचही जिल्हे साधारण पावणेअकरा ते सव्वातेरा लाखांच्या मधे, त्या पाच फोडी डोळ्याला सारख्याच दिसणार, मग लेबल कितीही सरकवा. आडव्या पट्ट्यांचा बार चार्ट घ्या, त्यात मराठी नावांना डावीकडे भरपूर जागा मिळते. आकडे उतरत्या क्रमाने लावा, आणि एक्सेल पहिली ओळ खाली टाकतं म्हणून नावांच्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर'ला टिक करा, म्हणजे नागपूर वर येईल. मग चार्टच्या बाजूचं अधिकचं चिन्ह, डेटा लेबल्स, 'आउटसाइड एंड'. आकडे पट्टीच्या टोकाला आले की आकड्यांचा अक्ष आणि मागच्या रेघा काढूनच टाका, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची.

लाखांच्या स्वल्पविरामासाठी लेबलांवर राइट क्लिक, फॉरमॅट डेटा लेबल्स, नंबर, कस्टम, आणि तिथे हे टाका, इंग्रजी आकड्यांतच : [>=100000]##\,##\,##0;##,##0 . झालं ४६,५३,५७०.

एक कळकळीची गोष्ट, लेबलात हाताने आकडा टाइप करू नका. मी एका सभेच्या पोस्टरसाठी तसं केलं होतं, नंतर शीटमधे दुरुस्ती झाली, पट्ट्या बदलल्या आणि लेबलं जुनीच राहिली, छापून आल्यावर कळलं. वेगळा मजकूर हवाच असेल तर तो शेजारच्या कॉलममधे लिहा आणि 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' वापरा, एक्सेल २०१३ पासून आहे ते. हाताने बदललं असेल तर 'रीसेट लेबल टेक्स्ट' करा.

आता नकाशा. खरोखर प्रश्नचिन्हंच दिसत असतील तर अक्षरं सेव्ह करतानाच गेली, ती परत येत नाहीत, नावं पुन्हा टाकावी लागतील. पण चित्रविचित्र अक्षरं दिसत असतील तर मूळ शाबूत आहे, लेयर प्रॉपर्टीजच्या सोर्समधे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ करा. दोन्ही वेळा पुढे नकाशाची माहिती शेपफाइल या जुन्या प्रकारच्या फाइलीत ठेवणं सोडा आणि जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरा, कारण शेपफाइलच्या कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, 'लोकसंख्या' तिथे मावतच नाही. फाँट युनिकोडचा घ्या, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी.

लेबल्समधे 'सिंगल लेबल्स', फॉन्टला पांढरा बफर, म्हणजे अक्षराभोवती पांढरी कड, म्हणजे रंगावरही अक्षर उठून दिसतं. खरी मजा पुढे आहे. चार्टमधे गडचिरोली शेवटी, १०,७२,९४२, पण नकाशावर विदर्भातला सगळ्यात मोठा जिल्हा तोच, त्याला ऐसपैस जागा, आणि भंडारा बिचारा नागपूर-गोंदियाच्या मधे चिमटलेला. त्याचं लेबल लेबल टूलबारच्या 'मूव्ह लेबल'ने बाहेर काढा आणि कॉलआउट्स चालू करा, लेबलापासून जिल्ह्यापर्यंत रेघ आपोआप जोडली जाते. पहिल्यांदा हलवताना ते एक युनिक कॉलम विचारतं, म्हणजे ज्यात प्रत्येक जिल्ह्याची नोंद वेगळी असते असा, जिल्ह्याचा कोड द्या. आणि नकाशावर लोकसंख्येऐवजी घनता रंगवा बरं का, गडचिरोलीत चौरस किलोमीटरला ७४ माणसं, नागपुरात ४७०, दोन्ही लेबलं एकाच नकाशावर दिसली की पोरं स्वतःच विचारतील, असं काहून?